गाल टेकवून बघायचा चष्मा

"हे बरं की हे?"

माझ्या नाकावरचा एक चष्मा काढून त्यांनी दुसरा बसवला आणि आरसा माझ्याकडं वळवला.

"आधीचा बरा होता," मी म्हटलं.

"पिवळा?"

"पिवळाच. त्यातून रस्त्याकडं बघा तरी. दिवे लागायची वेळ झालीय आणि बाहेर दुपार वाटते."

"दुपार कशाला हवी तुला? क्लबात ट्यूबलायटी आहेत."

"तरी शोभतो की."

"शोभतो," ते म्हणाले. "शोभेचाच आहे तो."

हे जयसिंगपुरात, आमच्या दुकानात, सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी. दुकान 'मगदूम चष्माघर', मालक श्रेणिक मगदूम आणि स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची बायको, त्रिशला. मी. येत्या रविवारी माझी ट्रायल होती. सांगलीच्या स्पर्धेला आमच्या रायफल क्लबातून तिघं जाणार होते. दोघं ठरले होते. तिसरी जागा मला नाहीतर दाभोळे वकिलांना. मला ती हवी होती. चाळिशी उलटलेल्या बाईला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

अडचण एवढीच होती की चष्मा घातला की माझे छर्रे कागदभर पांगायचे आणि चष्म्याशिवाय ट्रायल द्यायची नाही, ही श्रेणिकची अट होती.

अट जुनी होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिची क्लबातली जागा मी घेतली. आमच्या घरात मुंग्यांची रांग निघाली तर ती जाईपर्यंत फरशी पुसत नाहीत, आणि त्या घरातली सून एअर रायफल घेऊन कागदाला भोकं पाडणार. श्रेणिक हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. बाकी तुझं तू बघ." मी हो म्हटलं होतं. त्याआधीच्या महिन्यात क्लबातल्या सरांनी एकदा चष्मा उतरवायला लावून माझ्याकडून काही छर्रे मारून घेतले. सगळे कागदावरच्या काळ्या गोलात. घरी येऊन मी ते लगेच सांगितलं. श्रेणिकनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि म्हणाले, "मग चष्मा बदलू."

त्यानंतर चष्मेच बदलत होते.

हे

मंगळवारी त्यांनी काउंटरवर चार प्रकार मांडले. पहिला तो पिवळा, शोकेसमधला. दुसरा खऱ्या काचेचा, जड, जुन्या पद्धतीचा. तिसरा प्लास्टिकच्या काचांचा. 'पडला तरी फुटत नाही' असं सांगून तो आम्ही शाळेच्या पोरांना विकायचो. चौथा कोणी मागितलाच नसता असा. पारदर्शक, जाड, कानापर्यंत दोन्ही बाजूंनी झाकलेला. गिरणीतल्या कामगारांसाठी मागवलेल्या मालातला. त्याचे मात्र त्यांनी दोन काढले. सगळे वर्तमानपत्रात गुंडाळले.

"उद्या क्लबात ने. टांग आणि मार."

"काय मार?"

"छर्रे. या जाडातला एक डोळ्यावर घाल आणि बाकीचे उडव."

"पिवळ्यावर पण?"

"पिवळ्यावर पहिला."

"अहो, शोकेसमधला आहे तो."

"शोकेसमधून आधी तोच डोळ्यावर जातो," ते म्हणाले.

इथं श्रेणिकच्या डोळ्याचं सांगायला हवं. त्यांचा डावा डोळा लहानपणी विटी लागून गेला होता. गावाला माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. "एका डोळ्याचा माणूस दोन डोळ्यांना नंबर देतो," असं कोणी तोंडावर म्हटलं तर ते म्हणायचे, "म्हणून तर पटकन देतो. दुसऱ्याला विचारत बसावं लागत नाही." लोक हसायचे आणि स्टुलावर बसायचे. जिल्ह्यात त्यांच्यासारखा चष्मा कोणी बसवत नाही असं ते स्वतः म्हणायचे आणि गिऱ्हाइकंही म्हणायची. नाकावर रेघ नाही, कानामागं वळ नाही. आरशात बघावं तर भुवया आणि चौकट एका ओळीत.

आमचा क्लब म्हणजे एक जुनी तंबाखूची वखार. तंबाखू जाऊन किती वर्षं झाली होती, पण भिंतींना वास होता. नवा माणूस आत आला की आधी शिंकायचा. सुभेदार थोरात आम्हाला शिकवायचे. फौजेतून निवृत्त झालेले, बुटके, आवाज कधी न चढवणारे. मी पुडकं सोडलं तसं त्यांनी आत डोकावून बघितलं.

"मॅडम, हे काय? भंगार?"

"टांगून मारायचेत, सर."

"कुणी सांगितलं?"

"मिस्टरांनी."

दाभोळे वकील तिथंच बूट बांधत होते. ते कोर्टात कसे होते माहीत नाही, पण वखारीत गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. "वहिनी, शेठनी दुकान मोडायचंच ठरवलं असेल तर मला सांगा. रीतसर लिलाव लावू."

सुभेदारांनी वाळूचं पोतं उभं केलं, त्याच्यापुढं तारेनं पिवळा चष्मा टांगला, पोत्यापासून चार बोटं सोडून. "डोळा पोत्याच्या जागी धरा," ते म्हणाले, म्हणजे त्यांना खेळ कळला होता. सगळ्यांना लाकडी पडद्यामागं पाठवलं. मी जाड चष्मा चढवला आणि मारला.

पिवळ्याला भोक पडलं नाही. त्याची काच चौकटीतून अख्खी सुटली आणि मागच्या पोत्यात उभी रुतली.

दुसऱ्याची साखर झाली. तिसऱ्याची, पोरांना आम्ही विकायचो त्याची, मधून चीर गेली आणि कैरीच्या फोडीसारखा एक तुकडा पोत्यात शिरला. चौथ्यावर छर्रा आपटला तेव्हा 'टक्' असा आवाज आला, दारावर कोणी नखानं टकटक करावी तसा. चष्मा तारेवर झुलत राहिला. काचेवर राखाडी ठिपका. छर्रा खाली पडला होता, नाण्यासारखा चपटा होऊन.

दाभोळ्यांनी पोत्यातली पिवळी काच उपसून काढली. तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ती माझ्या हातात न देता बाकावर ठेवली.

मी जिंकल्यासारखं सुभेदारांकडं बघितलं.

की हे

"बघितलंत?" सुभेदार म्हणाले. "म्हणून मी चष्मा घालू नका म्हणतो. तीन चष्म्यांनी डोळा घेतला असता."

"चौथ्यानं वाचवला असता, सर."

"चौथ्यातून नेम लागतोय तुमचा?"

त्यांनी पोतं बाजूला केलं आणि कागद लावला. मी तोच जाड चष्मा ठेवून मारायला बसले. रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि चौकटीची वरची कड आडवी आली. कड चुकवायची तर गाल उचलायला हवा. गाल उचलला की नेम मोडायचा. एकदा थोडा उचलला, एकदा जास्त, एकदा कड आडवी असतानाच अंदाजानं मारलं.

कागद सरकत माझ्यापर्यंत आला. एखाद्यानं मुठीत मोहऱ्या घेऊन फेकाव्यात तसा.

"वहिनी," दाभोळे म्हणाले, "चष्म्याएवढा काळा गोल ठेवला असता तर तुम्ही थेट देशाकडून खेळायला गेला असतात."

"वकीलसाहेब, रविवारी बोलू."

"रविवारी मी बोलणार नाही. रविवारी मी मारणार."

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन जाड चष्मा काउंटरवर ठेवला. ठिपका पडलेला त्याचा जोडीदारही. श्रेणिक ठिपक्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांना इतकं खूश झालेलं मी आमच्या मुलीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

"मग ठरलं," ते म्हणाले. "हाच."

"हा घालून मारता येत नाही. वरची कड आडवी येते."

"येणार नाही. बस."

मी बसले. त्यांनी नाकावरच्या गाद्या दाबल्या, दांड्या वाकवल्या, समोर उभं राहून एक डोळा मिटल्यासारखं करून (तो तसाही मिटलेलाच) पातळी बघितली. "समोर बघ. येते कड?"

"आता नाही येत."

"मग?"

"इथं नाही येत. तिथं येते."

"डोकं हलवत असशील."

"हलवत नाही, टेकवते."

"चष्मा बसलेला असला की डोकं कुठंही ने. चष्मा डोक्याबरोबरच जातो."

"अहो, मग एकदा येऊन बघा ना."

त्यांनी चष्मा पुसला. आधीच पुसलेला होता. "दुकान कोण बघणार?"

दोन वर्षांत ते वखारीत एकदाही आले नव्हते. मला सोडायला यायचे ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. मी त्याचा अर्थ लावून ठेवला होता: बायकोनं बंदूक धरलेली बघवत नाही. बोलायचं नाही, पण बघायचंही नाही.

गुरुवारी तेच. शुक्रवारी त्यांनी गाद्या बदलून दिल्या आणि पुन्हा तेच. शुक्रवारी जेवताना मी ताट बाजूला सरकवलं.

"रविवारी मी बिनचष्म्याची मारणार."

ते जेवत राहिले.

"ऐकलंत का? तुम्ही मला चष्मा द्या ज्यातून दिसतं. नाहीतर अट मागं घ्या. दोन्ही अडवून धरायचं हे बरोबर नाही."

"अट मागं घेणार नाही."

"मग मी मोडणार."

"मोड," ते म्हणाले. "मला सांगून मोडतेस, हे बरं आहे." आणि ताक न पिता उठले.

हे

शनिवारी सरावाला मी जाड चष्मा नेला. शेवटचा प्रयत्न म्हणून. दोन-तीन छर्रे मारले असतील, दाराकडं कोणीतरी शिंकलं.

श्रेणिक उभे होते. भर दुपारी, दुकान बंद करून. डोळ्यांवर काचा घासायच्या मशीनवर घालतात तो गॉगल आणि गॉगलवर उजवा तळहात. उन्हातून आलेला माणूस डोळ्यावर हात धरतो तसा.

मला वाटलं, बघायला आलेत आणि बघायची तयारी नाही. मला राग आला. रागात मी आणखी एक मारला. त्यांचा हात खाली आला होता तो पुन्हा वर गेला.

"मगदूमशेठ," सुभेदारांनी हाक मारली, "तिथून काय दिसणार? पुढं या."

ते भिंतीला धरून पुढं आले. माझ्या मागं, जरा उजवीकडं थांबले.

"लाव रायफल," ते म्हणाले. "मारू नको. नुसती लाव."

मी लावली. गाल टेकवला. कड आडवी आली. मी थोडा गाल उचलला.

"थांब. उचलू नको. टेकव." मग हळूच, स्वतःशी: "अरे."

"काय झालं?"

"समोरून बघायला हवं."

सुभेदारांनी माझ्या हातातली रायफल काढून घेतली. "रायफलीच्या तोंडापुढं कोणी उभं राहत नाही. रिकामी असली तरी."

"मग झाडू द्या."

जळमटं काढायची लांब काठी कोपऱ्यात होती. दाभोळ्यांनीच आणून दिली, दोन्ही हातांवर आडवी धरून, तलवार द्यावी तशी. मी काठी खांद्याला लावली, तिच्यावर गाल टेकवला आणि काठीच्या टोकाला बांधलेल्या झाडूच्या रोखानं डोळा लावला. श्रेणिक माझ्यापुढं उकिडवे बसले. मशीनचा गॉगल कपाळावर ढकलला आणि खिशातून काचेवर खुणा करायचं पेन काढलं.

"हलू नको." माझ्या काचेवर त्यांनी एक ठिपका काढला. "आता सरळ बस. काढ तो."

मी चष्मा काढून बघितला. ठिपका काचेच्या मधे नव्हता. वरच्या कोपऱ्यात होता, नाकाला चिकटून, चौकटीच्या अगदी कडेला.

"तू इथून बघतेस," ते म्हणाले. "आणि मी तुला इथं बसवत होतो." त्यांनी मधोमध बोट ठेवलं. "आयुष्यभर मी स्टुलावर ताठ बसून आरशात बघणाऱ्या माणसांना चष्मे बसवले. आरशात बघून कोणी बंदूक मारत नाही."

"मी तेच सांगत होते."

"तू डोकं टेकवते म्हणालीस. मला ऐकू आलं होतं. दिसलं नव्हतं."

मग जे झालं ते दुकानात झालं असतं तर गिऱ्हाइकं पळाली असती. त्यांनी वखारीतली चहाची किटली मागवली, त्यातल्या उकळत्या पाण्यात चष्म्याच्या दांड्या बुडवल्या आणि जिथं वाकवू नयेत असं ते सगळ्यांना बजावायचे नेमक्या तिथं वाकवल्या. नाकावरच्या गाद्या उपटल्या आणि दुसऱ्या, उंच, मुलांच्या चष्म्यातल्या, एकावर एक बसवल्या. खालची कड गालापासून सुटली. वरची कड कपाळावर चढली. मला ताठ बसवून त्यांनी चष्मा घातला आणि स्वतःच तोंड फिरवलं.

दाभोळे बाकावर बसले. "वहिनी, माफ करा, पण चष्मा माडीवर राहायला गेलाय."

वखारीतला लहानसा आरसा सुभेदारांनी पुढं धरला. भुवया चौकटीच्या मधोमध. डोळे खालच्या कडेवरून वाकून बघतायत. असा चष्मा घालून कोणी दुकानाबाहेर पडलं असतं तर श्रेणिकनी त्याला हात धरून परत आणलं असतं.

"आता टेकव," ते म्हणाले.

टेकवला.

कड नव्हती. चौकट नव्हती. चष्माच नव्हता. पुढं फक्त काळा गोल होता, आणि तो माझ्याकडंच बघत होता.

की हे

मी मारत गेले. किती मारले ते मोजलं नाही. एकदा मधेच मागं वळून बघितलं. प्रत्येक छर्र्याला श्रेणिकचा हात वर जात होता. कपाळावर नाही. उन्हासाठी नाही, आत ऊन नव्हतंच. तळहात उजव्या डोळ्यावर, चांगल्या डोळ्यावर, गॉगलच्याही वरून.

सुभेदारांनीही ते पाहिलं होतं. "शेठ, विटीला इतका भ्यालेला माणूस मी पाहिला नाही. विटी लागली त्याला जमाना झाला, आणि इथं टक् झालं की तुमचा हात वर."

"विटी नव्हती," श्रेणिक म्हणाले.

मी रायफल खाली ठेवली.

"जत्रा होती. आजोळची. फुगे फोडायची बंदूक असते ना, ती. मी फळीच्या बाजूला उभा होतो, फुगा फुटताना जवळून बघायचा म्हणून. मारणाऱ्याचा फुगा चुकला. छर्रा फळीच्या खिळ्याला लागून आला."

"मारत कोण होतं?" हे दाभोळे. वकीलच ते.

"धाकटे मामा."

त्यांनी गॉगल काढून पुसला. "आजोबांनी मामांना घराबाहेर काढलं असतं. मी म्हटलं, विटी लागली. मामा काही बोलले नाहीत. मग मीही बोललो नाही. नंतर ते खरंच झालं, सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं की." जरा थांबून ते म्हणाले, "मामा गेल्या दिवाळीत वारले. आता विटीचं काम संपलं."

आमच्या लग्नाला तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. ते मामा दरवर्षी आमच्याकडं यायचे. हापूसची पेटी घेऊन यायचे आणि कधीही आले तरी श्रेणिकच्या डाव्या हाताला बसायचे. मोठी खुर्ची उजवीकडं असायची, मी ती पुढं करायची, ते "असू दे गं" म्हणून डावीकडं पाटावर बसायचे. मला वाटायचं, सवय.

"मला का नाही सांगितलंत?" एवढंच मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू बंदूक धरली नसतीस. मला ते नको होतं."

सुभेदार उठले. पिवळी काच अजून बाकावरच होती. ती त्यांनी दोन बोटांत धरली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि येऊन श्रेणिकसमोर उभे राहिले.

"मला पण लावा एक. उद्या सकाळपर्यंत."

"काठी धरा," श्रेणिक म्हणाले.

हे

रविवारची ट्रायल.

दाभोळे माझ्या शेजारच्या जागेवर. बिनचष्म्याचे. "उद्या बसवून घेईन," ते म्हणाले, "आज नशीब बदलायचं नाही." सुभेदारांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. त्यांच्या स्वतःच्या भुवयांवर चष्मा होता. "आज बसवून या, मग मारा," ते म्हणाले. "तोवर मॅडम थांबतील."

दाभोळे माझ्याकडं बघायला लागले. मी थांबले नसते तर जागा तिथंच माझी होती.

"थांबते की," मी म्हटलं. "माडीवर जाऊन या."

श्रेणिकनी पेटी आणलीच होती. काठी आली, ठिपका आला, किटली आली. दाभोळे काठीवर गाल टेकवून बसले असताना मी त्यांच्यासमोर उभी राहून हसून घेतलं, आठवडाभराचं सगळं.

मग आम्ही दोघं बसलो.

मला त्या छर्र्यांतला एकही वेगळा आठवत नाही. आठवतं ते एवढंच की गाल टेकवल्यावर उचलावासा वाटला नाही. शेजारी दाभोळे श्वास सोडताना शीळ घालतात, ती ऐकू येत होती. चांगले मारत होते ते. त्या दिवशी त्यांनी त्यांचा आजवरचा सगळ्यात चांगला कागद मारला, चष्म्यातून, आणि नंतर कित्येक वर्षं ते तो कागद लोकांना दाखवायचे आणि दाखवून झाल्यावर म्हणायचे, "एवढं मारून हरलो."

सुभेदारांनी माझा शेवटचा कागद उजेडाकडं धरला. काळ्या गोलाच्या मधोमध एकच भोक होतं, कडा फाटलेलं, चिंचोक्याएवढं. सगळे त्यातूनच गेले होते. भोकातून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती.

"सांगली," ते म्हणाले. आणि कागद मला न देता श्रेणिकना दिला.

श्रेणिकनी तो डोळ्यापाशी नेला आणि भोकातून माझ्याकडं बघितलं. भरपूर वेळ.

सांगलीला आम्ही तिघं आणि सुभेदार असे चार जण भुवयांवर चष्मे चढवून हॉलमध्ये शिरलो तेव्हा एका कोपऱ्यातून हसण्याची लाट उठली आणि सगळीकडं फिरली. कोणीतरी विचारलं, जयसिंगपुरात कान वर असतात काय. दाभोळे आमच्याबरोबर उगाचच आले होते, बदली म्हणून, ते म्हणाले, "कान जाग्यावर आहेत, नेम वर आहे." दुपारी हसणं थांबलं. संध्याकाळी ढाल आमच्या जीपच्या टपावर बांधली होती आणि तीन वेगवेगळ्या क्लबांची माणसं श्रेणिकच्या दुकानाचा पत्ता विचारून गेली होती. ते आले की श्रेणिक त्यांना स्टूल देत नाहीत. काठी देतात. आजही.

की हे

त्याच वर्षी, आजोळची जत्रा.

श्रेणिक इतक्या वर्षांत तिकडं फिरकले नव्हते. मला वाटलं देवळात जाऊन परतू. देऊळ झालं, पेढे झाले, आणि ते पाळण्यांच्या पलीकडं चालायला लागले. फळी होती. फुगे होते. खिळेही होते, फुग्यांच्या दोऱ्या बांधलेले.

"बाजूला कोणी उभं राहायचं नाही," ते फुगेवाल्याला म्हणाले. "सगळे माझ्या मागं."

"काका, खेळण्यातली आहे."

"मागं."

लोक मागं सरकले. श्रेणिकनी पिशवीतून दोन चष्मे काढले. एक फुगेवाल्याला दिला, एक स्वतः घातला, भुवयांवर. मी माझा घातला. जत्रेत तिघं माडीवरच्या चष्म्यांचे. पोरं हसून लोळायची बाकी होती.

त्यांनी बंदूक घेतली. उजव्या डोळ्याला लावली आणि गाल टेकवला. पहिला छर्रा फळीवर गेला. दुसरा कुठं गेला कळलं नाही. जत्रेतल्या बंदुकीची नळी सरळ कधी असते?

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मग तिथून निघून उजवीकडं आले, त्यांना दिसेन अशी.

"नळी वाकडी आहे," मी हळूच सांगितलं. "जरा खाली धरा."

त्यांनी नळी किंचित खाली घेतली. मग आणखी किंचित.

"हे बरं," त्यांनी गाल न उचलता विचारलं, "की हे?"

मी त्यांच्या खांद्यामागून डोळा लावला.

"हे."

फुगा फुटला. लाल होता. मागं कोणीतरी टाळी वाजवली. मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होते. तो घोड्यावरच होता.

"अजून एक, काका?" फुगेवाल्यानं विचारलं.

"भर," श्रेणिक म्हणाले.